रविताचे पाच चिंचोके

मंगळवार संध्याकाळ, साक्री

काही केल्या चैन पडत नाहीये. अंगणवाडीत आकड्यांचं गाणं झाल्यावर मी मुलांना म्हटलं, घरात जितकी माणसं तितके चिंचोके मांडा. रविताने पाच मांडले. तिची आई ऊसतोडीला गेलेली, घरी चौघंच. मी एक चिंचोका उचलला. "चुकलं. चार."

"ताई, माय परत येणार शे ना?"

सगळ्यांसमोर चूक म्हटलं मी! चिंचोका परत ठेवला, तर तिने हातच लावला नाही. शेवटी आत्ता तिच्या घरी जाऊन आले. म्हटलं, "पाचच बरोबर. ताईच चुकली."

ती म्हणाली, "उद्या बठ्ठास्ना समोर सांगशात?"

सगळ्यांसमोर सांगायला हो म्हटलं खरं. मुलांचं काही नाही, पण दारात त्यांच्या आया उभ्या असतात... तरी सांगेनच.