बेचाळीस दात

१८ सप्टेंबर
रुजू झालो एकदाचा! पांढरकवड्याहून एसटीनं झरी, तिथून गावची बस चुकली म्हणून ऑटोत तीन बकऱ्यांच्या मांडीला मांडी लावून गावात. पशुधन पर्यवेक्षक म्हणून पहिलीच कायम नेमणूक. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक फ्रिज (चालतो, बाप्पा!), अंगणात जनावरं अडकवायचा लोखंडी खोडा, अन् मागं माझी राहायची खोली. समोर कपाशी, तिच्या पलीकडं सागाचं जंगल. शिपायाची जागा रिकामी, म्हणजे झाडूही मीच मारायचा. मारू की. विमलताईनं तेच तर शिकवलं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा अन् ताई सोळाची. तेव्हापासून माझी आई तीच, बापही तीच. उमरखेडात शिलाई करून तिनं मला शिकवलं. स्वच्छतेचं इतकं वेड, की ती झाडूसुद्धा धुऊन ठेवते. आज फोनवर तिनं जाहीर केलं, म्हणे यंदाची भाऊबीज तुझ्या सरकारी घरात, अन् मग मी तिथंच राहीन. मी म्हटलं, ये, तुझंच घर आहे. फार बरं वाटलं.

२६ सप्टेंबर
काम भरपूर. लाळ-खुरकतीच्या लसी, एक अडलेली म्हैस, सतरा बकऱ्यांना जंताचं औषध. लोक चांगले, पण जंतांच्या औषधाला गोड गोळी समजतात.
गावची गुरं उकंडा राखतो. साठीचा माणूस, इतका थकलेला की चालताना डोळे मिटतात. आजूबाजूच्या गावांत महिन्याला एक तरी जनावर वाघ नेतो, इथं तीस वर्षांत एकही गेलं नाही. भुरीबाईला, म्हणजे माझा डबा देणाऱ्या म्हातारीला, कारण विचारलं. म्हणे, उकंडा राखते ना. एवढंच. मी हसलो. काठी घेऊन वाघापासून राखतो म्हणे!

३ ऑक्टोबर
भरदुपारी उकंडा आला. खांदा फाटलेला, आतलं हाड दिसत होतं. मी सांगितलं, बाबा, मी गुरांचा डॉक्टर, झरीला जा. म्हणे, तुमीच शिवा. शिवत होतो तर त्यानं माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. वेदनेनं नाही. शांतपणे, बघून, जागा निवडून. मग लहान पोरासारखा रडला. म्हणे, माफ कर डाक्तर, लय थकलो मी. अन् तिथंच ओसरीवर झोपला.
आरोग्य केंद्रात जाऊन सुई टोचून घेतली. चावला कोण, या रकान्यात काय लिहावं सुचेना. कुत्रा लिहिलं.
उकंडा अजून झोपलेला आहे. घोरणं फाटकापर्यंत ऐकू येतं.

७ ऑक्टोबर
ताप १०२. माणसाला ताप, कुत्र्याला नॉर्मल. हिरड्यांतून रक्त. वास मात्र असे येतात की काय सांगू! कोणाच्या गोठ्यातली गाय माजावर आहे, ते मी इथं खुर्चीत बसून सांगू शकतो. आज दोघांना सांगितलं. गावात माझी वाहवा.

१० ऑक्टोबर
नीट लिहितो. शिक्षण झालेला माणूस आहे, निदान नोंद तरी नीट करावी.
दुपारी चारला नाल्यापाशी गुरं हंबरली. मी सिरिंज उकळत होतो. वाघाचा वास आला अन् कंबर मोडली. खरंच मोडली, कडकन आवाज झाला. मग पाठीचा एकेक मणका लांबत गेला. खांदे पुढं आले, छाती बैलासारखी रुंद झाली, जबडा पुढं सरकला. दात मी जिभेनं मोजले. बेचाळीस. लांडग्याला तेवढेच असतात, परीक्षेत लिहिलं होतं मी. हातांची बोटं राहिली, अंगठा तेवढा आखडला. उभा राहिलो तर डोकं चौकटीला लागलं.
अंगापेक्षा डोकं वेगळं झालं, ते जास्त भयंकर. आधी माणसांची नावं गेली. मग आकडे. मग राग आणि भीतीही गेली. मला वाटलं होतं लांडगा होणं म्हणजे चवताळणं. तसलं काहीच नाही. आत दोनच गोष्टी उरतात, आपलं आणि परकं. तेही डोळ्यांनी कळत नाही, वासानं कळतं. गुरं आपली. वाघ परका. बाकी फक्त काम. कुठं पकडायचं, कुठं फिरायचं, सगळं अंगाला ठाऊक. मांडीचं मांस निघालं तरी दुखलं नाही.
वाघ गेला. माझ्या जखमा संध्याकाळपर्यंत मिटल्या, पण थकवा! उभ्या जन्माचा थकवा एकदम अंगावर आला. भुरीबाईनं न बोलता दुप्पट भाकरी ठेवल्या. गावाला सगळं ठाऊक आहे, मेहेरबान. मलाच कोणी सांगितलं नाही.

१४ ऑक्टोबर
आज वाघ नव्हता. औषधकंपनीचा एक माणूस मोटरसायकलवरून आला, नवाच. अंगणात उतरला, बॅग उघडायला हात उचलला, अन् मी —
वाचला तो. पाठ फाडली मी त्याची. नखांनी, दात लागले नाहीत. झरीच्या दवाखान्यात तो अस्वल होतं म्हणून सांगतो म्हणे.
मला अजिबात राग आला नव्हता. ओकलो, रडलो. मग ताई आठवली, अन् भाऊबिजेला किती दिवस उरले ते मोजलं. नऊ.

१५ ऑक्टोबर
उकंडाला गदागदा हलवून जागं केलं. म्हणे, चावल्यावर जुने सारे वास पुसतात; त्यानंतर ज्याचा वास अंगात मुरला तो आपला, बाकी सारे परके. त्याची बायको तेव्हा घरातच, म्हणून तिला काही झालं नाही. जावई लग्नानंतर पहिल्यांदा भेटायला आला. एवढं सांगून उकंडानं भिंतीकडं तोंड केलं.
सुटायची वाट एकच, म्हणे. जाणूनबुजून दुसऱ्याला चावायचं. मी म्हटलं, माझ्यानं होणार नाही. तो म्हणे, मलेबी तीस वर्सं असंच वाटे.
झरीची बस धरायला निघालो. शिवेवर कंबर मोडली. गुरं मागं राहिली की अंग पुढं जात नाही.
उपाय सुचला. ताईला फोन केला. तुझी वापरलेली पातळं पाठव, न धुतलेली, आजच एसटीच्या पार्सलनं. मनात म्हटलं, उशाशी घेऊन झोपेन, वास मुरेल. ती म्हणे, काहून रे? सांगितलं, आठवण येते. ती हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला.

१८ ऑक्टोबर
पार्सल आलं. तीन पातळं.
धुतलेली. खळ घातलेली. इस्त्री केलेली, घडीत कापूर.
फोन केला. म्हणे, मळकी पातळं भावाले कोणी पाठवते का? लोक काय म्हणतील? अगं ताई! अगं माझे आई!
तासन् तास नाक खुपसून बसलो. साबण. कापूर. ती कुठंच नाही.

२० ऑक्टोबर
शेवटी खोटं बोललो. खूप आजारी आहे, साथ आहे, भाऊबिजेला येऊ नकोस. फोन ठेवला. सुटलो.
तरी तिचा स्वभाव माहीत आहे. उकंडाला सांगितलं, भाऊबिजेला, तेवीसला, सकाळपासून थांब्यावर बस, ती आली तर तिथूनच परत पाठव. हो म्हणाला. झोपला.
मला झोप नाही. डोळे मिटले की कान जागे.

२२ ऑक्टोबर, सकाळ
भुरीबाईच्या फोनवर (नंबर मीच दिला होता) ताईचा निरोप. भाऊ आजारी अन् मी घरी बसू का, म्हणे. रात्रीच निघाली, अन् आता तिचा फोन लागत नाही. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती! आजच. उद्या नाही, आज.
उकंडा उठत नाही. पाणी ओतलं तोंडावर. भुरीबाई थांब्याकडं पळाली, पण पाय तिचे ते केवढे —

दहा वाजता
खोड्यात शिरलो. बैलांचा दोर, साखळी. कुलूप लावलं, किल्ली कपाशीत फेकली. बैल अडकतो यात. मी बैलापेक्षा —
वही आडव्या दांड्यावर. घाम. एसटीचा हॉर्न वाजला.

ताई, मागं फिर. ताई मी तुला —
चाळीस. एक्केचाळीस —
अंगठा गेला. पेन मुठीत. साखळीची कडी उघडते आहे मी ओढत नाही तरी

दोर तुटला

फाटकात बाई. पिशवी. रडते हसते. जवळ. साबण. कापूर. परका वास
तिला काहीतरी म्हणतात. मी म्हणत होतो. रोज. छोटा शब्द
ती हाका मारते. एकच नाव. पुन्हा तेच. कोणाचं आहे ते
कोणाचं —