कपॅसिटरची दहा मिनिटं

उमेळे, शुक्रवार

प्रिय विनिता,

तुझे फोन मी उचलत नाही, म्हणून हे पत्र. काल फर्डिनंडला पाहून आले. पट्ट्या सुटल्या, पण उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. ग्रेसी त्याला भरवते आणि वर चिडवते, लग्नात घास घ्यायला लाजलास, आता घे मुकाट्याने. तो हसतो. मला हसता आलं नाही.

तू नवी रुजू झालीस तेव्हा संध्याकाळ झाली की आचोळ्याचे दिवे पिवळे पडायचे. पंप, एसी, कारखान्यांच्या मोटारी, सगळ्यांना एक अशी वीज लागते जी स्वतः काम करत नाही, पण तिच्यावाचून मोटार फिरत नाही. ती लांबून आणली की तारांवर भार येतो, विजेचा दाब उतरतो. तीच जवळून पुरवायला आपण उपकेंद्रात कपॅसिटर बसवले. दाबाचा काटा वर चढताना पाहून तू माझा दंड घट्ट धरलास. त्याच दिवशी मी तुला बजावलं होतं की बंद केलेला कपॅसिटरही चार्ज धरून बसतो. दहा मिनिटं थांबायचं, मग आत जायचं परमिट देणाऱ्याने स्वतःच्या हाताने अर्थिंगची काठी लावून उरलेला चार्ज जमिनीत उतरवायचा, आणि नंतरच माणूस आत. मी निवृत्त होईपर्यंत एकदाही हे चुकलं नाही.

तुझ्या अहवालात लिहिलंय, फर्डिनंड परमिटची वाट न बघता आत शिरला. विनिता, त्या वेळी तू माझ्याशीच फोनवर बोलत होतीस. बोलता बोलता तू त्याला ओरडून सांगितलंस, पाच मिनिटं झाली, जा आत, काठी राहू दे, नव्या कपॅसिटरचा चार्ज आपोआप उतरतो. मी थांबव त्याला म्हणेपर्यंत त्याची किंकाळी ऐकू आली.

चूक कोणाच्याही हातून होते. त्यासाठी मी तुला टाकलं नसतं. पण दुसऱ्याच दिवशी तुझा निरोप आला: ताई, तुम्ही काहीच ऐकलं नाही. मला तू इतकंच ओळखलंस?

सोमवारी अकराला चौकशी आहे. दोष फर्डिनंडवर आला तर त्याची नोकरी जाईल. साक्षीदारांत मी माझं नाव दिलंय, हे तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहिते. आधी तुला बोलावतील. तू खरं सांगितलंस तर मी बाकावरून उठणार नाही.

अजून तरी तुझीच,
बर्थाताई