विरजण

३ तारीख, सोमवार

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढेमागे कोणी म्हणायला नको की हा माणूस वेळीच बोलला नाही. या बोटीवर बशी नाही. दोन शिडं आहेत, होकायंत्र आहे, पाण्यात पडलेल्याकडे फेकायचं लाल कडं आहे, मेहुण्याच्या डोक्यावर सोनेरी नांगराची टोपीसुद्धा आहे; पण बशी नाही. चहा झाकणाच्या पेल्यातून, चोच तोंडात धरून प्यायचा. पन्नाशी उलटलेल्या माणसाने! बोट हलते, बशी सांडते, असा मेहुण्याचा युक्तिवाद. मी म्हटलं, मग बोट हलवू नका.

सहलीची कल्पना त्याचीच. हा हिचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी त्याने शिडाची बोट चालवायचा वर्ग केला आणि तेव्हापासून तो वाऱ्याबद्दल असा बोलतो, की वारा जणू त्याच्या हाताखाली कामाला आहे. मोठी जहाजं जिथे जात नाहीत अशा लांबच्या बेटांवरची गावं बघायची, असा बेत आहे. बायको खूश, कारण भाऊ बरोबर. मुलगी खूश, कारण परीक्षा संपली. तिला घरात आम्ही चिंगी म्हणतो. वीस वर्षांची घोडी झाली तरी. बाहेर कुणासमोर म्हटलं तर डोळ्यांनी जाळते. आणि मी खूश, कारण मला कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे काही बिघडलं तर जबाबदारी माझी नाही.

खरं लिहायचं तर दुपारी इंजिनाची घरघर थांबली, शीड फुगलं, चिंगी पुढच्या टोकाला पाय सोडून बसली आणि बेसूर गाऊ लागली, तेव्हा फार बरं वाटलं.

५ तारीख, बुधवार

पहिलं गाव. लाकडी धक्का, बुटकी घरं, शिंपल्यांचा चुरा पसरलेला एकच रस्ता. सगळं झाडून-पुसून लख्ख. बायको म्हणाली, बघा, याला म्हणतात टापटीप, नाहीतर तुमचं टेबल.

उतरवून घ्यायला एक जाडजूड बाई आली. सगळे तिला मावशी म्हणत होते, म्हणून आम्हीही. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. फार वेळ भिजलेल्या कणकेचा गोळा हातात यावा तसा स्पर्श. खाली बघितलं तर बोटांना नखं नाहीत. नखांच्या जागी नुसती गुलाबी, गुळगुळीत कातडी. मग इतरांकडे बघितलं. कोणालाच नाहीत. दातही नाहीत, हसले की ओल्या हिरड्या दिसतात, आणि हे लोक सारखे हसतात.

गावाच्या मध्यावर सामायिक घर. आत जमिनीत बांधलेला दगडी हौद, त्यावर लाकडी झाकण. मावशीने झाकण सरकवलं. आत दुधावर धरते तशी साय, पण राखाडी आणि गादीएवढी जाड. ती शिंपल्याने कापली तेव्हा लांबलचक तारा सुटल्या. वास आधी ओल्या टॉवेलचा, मग बंद डब्याचा आणि त्या सगळ्याच्या तळाशी न धुतलेल्या माणसाच्या टाळूचा. प्रत्येक पाहुण्याला एकेक वाटी.

मेहुणा म्हणाला, भावोजी, हे पोटाला उत्तम, शहरात याचे पैसे मोजावे लागतात. असं म्हणून त्याने वाटी तोंडाला लावली. माझी बायको कोथिंबीर तीन पाण्यांतून धुते, हॉटेलात चमचा रुमालाने पुसते; तिनेही लोकांना वाईट वाटू नये म्हणून डोळे मिटून गिळलं. मावशीची पाठ वळली तशी मी माझी वाटी चिंगीच्या वाटीत उपडी केली. आमच्या घरची जुनी पद्धत आहे ही. बापाला नको ते मुलीच्या ताटात, म्हणजे रांधणारीचं मन राखलं जातं. चिंगीने माझ्याकडे बघून, बाबा, तुम्ही म्हणजे ना, अशा अर्थाचे डोळे वटारले आणि सगळं संपवलं.

६ तारीख, गुरुवार

निघताना मावशी शिंपला घेऊन उभी. घेतलं तेवढं परत द्यायचं, ही इथली रीत. आणि द्यायचं ते अंगचं. केस, नख, काहीही. ते हौदात जातं. शेजारच्या बेटावरचा हौदही याच हौदातल्या चमचाभर मालावर लागलेला, त्याच्या पुढचा त्याच्यावर. म्हणजे विरजणच, म्हणाली बायको, आणि तिला ते फारच गोड वाटलं. मावशी म्हणाली, हल्ली पाहुणे येत नाहीत म्हणून पातळ पडलंय हो, तुम्ही आलात, आता छान धरेल.

मेहुण्याने दाढीचे केस दिले. बायकोने नखं. चिंगीने एक बट. मी दाढीच्या ब्रशाचे, म्हणजे डुकराचे, चार केस उपटून टाकले. फसवणूक म्हणा, पण माझ्या अंगातलं काही त्या लिबलिबाटात पोहतंय हा विचार मला सहन होईना.

७ तारीख, शुक्रवार

दुसरं गाव. दिवसभर वारा चांगला होता, आमच्या पुढे कोणी गेलेलं नाही, समुद्रावर दुसरं शीडही दिसलं नाही. इथे विजेची तार नाही, फोन नाही. धक्क्यावर एक काटकुळी म्हातारी उभी. हिलाही मावशीच म्हणतात. आम्ही दोर टाकायच्या आधीच ती म्हणाली, आली का गं चिंगी.

मग माझ्याकडे वळून विचारलं, बशीवाचून चहा गोड लागतो का.

सगळे हसले. मेहुणा सर्वांत मोठ्याने. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, यांना कळलं कसं? तो म्हणाला, भावोजी, लेखक मंडळींना सगळीकडे कट दिसतो, बेटांवर बातमी पसरते.

तोच हौद, तीच साय, पण इथली जास्त दाट. कापल्यावर चीर हळूहळू आपोआप बुजत गेली. मी पुन्हा माझी वाटी सरकवणार, तर चिंगीने आपली वाटी आधीच पुढे धरली होती. डोळे वटारले नाहीत. माझं आणि तिचं, दोन्ही चाटूनपुसून खाल्लं. हनुवटीवर तार लोंबत होती, ती तिने बोटाने गुंडाळून तोंडात घातली. माझी मुलगी. आइसक्रीम खाताना दुसऱ्याचा चमचा लागला तर टाकून देणारी.

८ तारीख, शनिवार

शिंपल्यात तिघांनी काय काय दिलं ते बघायला मी थांबलो नाही. पहाटेच निघालो. बोटीवर काहीतरी बिनसलं आहे.

मेहुणा वाऱ्याबद्दल बोलत नाही. बायकोने कोबी न धुता चिरला. अळी दिसली, तिने सुरीने अळीसकट पान बाजूला केलं आणि मग पान परत आत घेतलं. मी ओरडलो तर म्हणाली, अहो, असू दे, सगळं एकच.

चिंगीने बिस्किटांचा डबा उघडला आणि तिच्या अंगठ्याचं नख निघून झाकणाला चिकटून राहिलं. रक्त नाही. ती ओरडलीही नाही. नख उचलून खिशात ठेवलं आणि म्हणाली, द्यायला होईल.

तिने पाणी पिऊन ठेवलेला पेला मी धुवायला घेतला. तळाशी उरलेल्या पाण्यावर साय धरली होती.

काठाशी जाऊन ओकलो. परत फिरूया म्हणून मेहुण्याला आधी विनवलं, मग शिव्या घातल्या. त्याने फक्त हात पुढे करून दाखवलं आणि म्हणाला, भावोजी, तिकडे वाट बघतायत.

९ तारीख, रविवार

सुकाणू मी धरून बघितलं. मला येत नाही. शीड उलटं फडफडलं, बोट जागच्या जागी गोल फिरली, आणि तिघं माझ्याकडे बघून हसली. एकदम. एकाच लयीत. बायकोचं हसू उघडं राहिलं तेव्हा पाहिलं, पुढचे दात नाहीत. विचारलं तर म्हणाली, उशीवर असतील, बघा.

उशीवर होते.

रात्रीपासून मी डब्यातल्या सुक्या पावावर आहे. अंथरुणं ओलसर. चादरीतून राखाडी तंतू निघालेत, चिंगीच्या मानेला चिकटलेत. ओढले तर ती मांजरासारखी घुरघुरते. मी ओढले. पुन्हा आले.

१० तारीख, सोमवार

तिसरं गाव. एकच चांगली गोष्ट दिसली. डिझेलची पिंपं घेऊन एक लाँच आली. धक्क्याला लागली नाही. खलाशांनी तोंडाला फडकी बांधलेली. पिंपं पाण्यात ढकलली, दोरीने ओढून घ्या म्हणाले. मी हातवारे करून बोलावलं. म्हातारा खलाशी लांबूनच ओरडला, खाल्लं असेल त्याला घेत नाही. मी खाल्लं नाही म्हणालो. मग उद्या सकाळी माघारी जाताना थांबतो, पण ज्याला दुखतं तोच माणूस घेऊ, म्हणाला. दुखतं म्हणजे काय, ते सांगितलं नाही.

सामायिक घरात सगळं गाव हौदाच्या कडेने बसलेलं, पाय आत सोडून. त्यांच्यात ही. तिच्या शेजारी मेहुणा, डोक्यावर अजून ती टोपी. साय त्यांच्या पोटऱ्यांभोवती घट्ट धरलेली. कुणाचा पाय कुठे संपतो ते वरून कळत नव्हतं. मी हिचा दंड धरून ओढला. दंडाची कातडी बाहीसारखी सरकली. ती अगदी हळू, पाहुण्यांशी बोलावं तशी म्हणाली, अहो, या ना आत, गार नाहीये.

सत्तावीस वर्षांचा संसार. मी हात सोडला. हाताला काय लागलं होतं ते लिहीत नाही.

चिंगी काठावर उभी होती. अजून आत उतरली नव्हती. चप्पल काढत होती.

१० तारीख, संध्याकाळ

तिला खांबाला बांधलंय. स्वतःच्या मुलीला. ती रागावत नाही. मधूनमधून हौदाकडे बघून लाळ गाळते. खांबाखाली त्या लाळेचं थारोळं, त्यावर साय.

इथली मावशी येऊन शेजारी बसली. आवाज पहिल्या गावातल्या बाईचा. म्हणाली, पोरगी वाईट अडकलीय. तिचं तिने खाल्लं, तिचं तिने दिलं, ते फिटलं. पण तुझंही तिनेच खाल्लंय. त्याच्या बदल्यात आलं काय, तर डुकराचे केस. मावशीला हसू आवरेना. हिरड्या. वास.

मी विचारलं, माझं मी दिलं तर?

तर सुटेल की, म्हणाली. आम्ही कुणाचं बुडवत नाही.

आणि बायको, मेहुणा? मावशी म्हणाली, त्यांना विचार ना. मी मघाशीच विचारून चुकलो होतो. त्यांना यायचं नाही. त्यांना आता काही नकोच आहे. हौद हलला, आणि सगळ्या गावाने एकदम मान डोलावली. हिनेही.

११ तारीख, मंगळवार

सकाळी हात घातला. उजवा. कोपरापर्यंत. हे डाव्याने लिहितोय.

आयुष्यभर नाक मुरडलं. हॉटेलच्या चमच्याला, ओल्या पायपुसण्याला, लोकांच्या लिहिण्याला. आता या —

कोमट. आत बोटं आहेत. पुष्कळ. ती माझी बोटं एकेक करून मोजल्यासारखी, दुखेपर्यंत दाबून बघतात. मग दुखणं थांबलं. माझं थांबलं, आणि खांबापाशी चिंगी किंचाळली. आई गं, माझा अंगठा! दुखतोय, बाबा, दुखतोय! वेड्यासारखी रडत होती. एवढं सुंदर काही मी ऐकलेलं नाही.

मावशीनेच दोर सोडला. चिंगी ओकली, राखाडी, बराच वेळ. मग माझ्याकडे धावली. मी ओरडलो, हात लावू नकोस. लाँचचा भोंगा वाजत होता. पळ म्हटलं. नाही म्हणाली. आईला घ्या, मामाला घ्या. बापाने मुलीला देऊ नयेत अशा शिव्या दिल्या तेव्हा गेली.

इथून दारातून धक्का दिसतो. म्हाताऱ्याने तिचा अंगठा दाबून बघितला. ती ओरडली. घेतली तिला.

लाँच निघाली —

नंतर

अजून डाव्याच हाताने लिहितोय. अक्षर लागेल तसं —

उजवा निघत नाही. ओढून बघितला. कोपराखाली आता काही नाहीच बहुतेक. कुणीतरी आतून धरलंय. पकड हिची वाटते —

तोंडात चव आलीय. हात आत आणि चव तोंडात. किळस यायला हवी. शोधतोय, सापडत नाही — वाईट नाही चव —

लाँचचा धूर अजून दिसतो. ठिपका.

मावशी म्हणते, पहिल्या गावातली वाटी फिटली. पोरीला मी तुझ्या शब्दावर सोडलं. दुसऱ्या गावातली राहिलीय.

खरं आहे. राहिलीय. ठिपकाही गेला आता. वाद घालण्यात अर्थ —

डावा मोकळा करायला हवा. पेन कुठे ठे