कूलरचं स्टँड, घरच्या घरी

१७ एप्रिल
पालमला ऊन असं की चप्पल बाहेर ठेवली तर घालवत नाही. राजनंदिनी, आमची लेक, बाळंतपणासाठी परभणीला मावशीकडे आहे. पुढच्या महिन्यात बाळ घेऊन इथे येईल. तिच्या खोलीला कूलर हवा, कूलरला खिडकीबाहेर लोखंडी स्टँड हवं. ते मी स्वतः वेल्डिंग करून बनवणार. मेहुणा बन्सीधर तासाभरात करून देतो म्हणाला. नको म्हणालो. बाळ कॉलेजात जाईपर्यंत ऐकवत बसेल. मशीन मात्र त्याचंच आणलं. तीस वर्षं शाळेत खडू धरलाय. वेल्डिंगचा रॉड म्हणजे लांब खडूच.

१९ एप्रिल
रॉड निवडले. आधी चौकट नुसत्या टाक्यांनी धरायची (टॅक म्हणतात), मग पूर्ण वेल्डिंग. दुकानदार म्हणाला, टॅकला ६०१३ घ्या, बारीक, अडीच एमएमचा, पुन्हा पुन्हा पेटतो. शेजारीच ७०१८ होता. साठवाल्यापेक्षा सत्तरवाला केव्हाही हुशार. चार एमएमचा जाडजूड घेतला. मास्तरला गुण कळतात.

२० एप्रिल
रॉड पाइपला चिकटला. ओढला तर पाइपही सोबत आला. हवा दमट असावी.

२१ एप्रिल
मोबाइलवर वाचलं, ७०१८ एकदम कोरडा लागतो. म्हणजे माझं निदान बरोबर. गच्चीवर वाळत घातले. जागा नव्हती म्हणून बायकोच्या, राजेश्रीच्या, कुरडयांच्या साडीवर, कुरडया जरा सरकवून. अर्धांगिनी वर आली आणि म्हणाली, "तुमचं लोखंड उशाखाली घिऊन झोपा."
रॉड पलंगाखाली ठेवले. उशाखाली टोचत होते.

२५ एप्रिल
प्रगती. एक टाका बसला. दुसऱ्या टाक्याला तोच रॉड पेटेना, टोकावर काचेसारखं कवच धरलं होतं. उपाय सोपा: दर टाक्याला नवा रॉड. दर्जा म्हटलं की खर्च आलाच. पाइपला भोकंही पडली. कूलरला हवा लागतेच.

२८ एप्रिल
नात झाली! दोघी सुखरूप. गल्लीत पेढे वाटले, दोन घरांत चुकून दोनदा. फोनवर लेकीने विचारलं, पप्पा, कूलर लागला का? लागल्यात जमा, म्हणालो. फोन ठेवल्यावर जीव घाबरा झाला. एवढंसं बाळ आणि हे ऊन. दुपारी तोंडाला रुमाल बांधून दुकानात गेलो, ६०१३ आणला. साधेपणावर माझा पहिल्यापासून विश्वास आहे.

१ मे
कामगार दिन, काम करून साजरा केला. टाके खटाखट पडले! चारी पाय उभे. इतके छान टाके पडल्यावर पूर्ण वेल्डिंग कशाला? बन्सीधरचा फोन: दाजी, नुसत्या टॅकवर वजन देऊ नका. जळतो बिचारा.

३ मे, सकाळी
आज नात येणार. स्टँडवर कूलर चढवला. उभा राहिला. फोटो बन्सीधरला पाठवला.

३ मे, दुपारी
पाणी भरलं. पहिली बादली, ठीक. दुसरी, ठीक, जरा आवाज. तिसरी ओतली आणि कूलर म्हाताऱ्या बैलासारखा सावकाश खाली बसला, आधी पुढचे पाय. कूलरला फक्त पोचा आला. राजेश्रीने मोरीमागच्या विटा आणल्या, चार थर रचले, कूलर चालू. जीप दारात आली तेव्हा खोली गारेगार होती. विटा सरळ आहेत का ते मीच पाहिलं.

५ मे
नात गाढ झोपते. झोपेत माझं बोट धरलं, तासभर हललो नाही. स्टँडही वाया गेलं नाही. पाय पुन्हा टाके मारून बसवले, बाळाची दुपटी वाळत टाकायला अंगणात उभं केलं. मजबूत आहे. फक्त ओली दुपटी त्यावर टाकू नयेत, एवढं घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.