नाथाजींचा कान

सातारा, ५ ऑक्टोबर १९७४

चि. हरीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावले, सोबत तुझ्या कारखान्याचे पावशेर तेलही पावले. पोथ्यांवर वाळवीने केलेली टीका मी पाहिली आहे. तेलाने लिहिलेले भाष्य प्रथमच पाहिले. डाग नेमका माझ्या प्रकृतीच्या चौकशीवर पडला, म्हणून ती अनुत्तरित ठेवतो.

सौ. चारुलतेने दिवाळीपासून सांगलीतच राहायला बोलावले आहे. तिला सांग, शाळा सोडवत नाही. आणि ज्या आवाजाने तू लोखंड तपासतोस तो कोणाला ऐकूच येत नाही, तर त्याला आवाज का म्हणायचे, तेही कळव.

तुझी ममता आहेच, ती डागांविना कळवीत जावी.

अण्णा

सांगली, १२ ऑक्टोबर

ती. अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार.

डागाची क्षमा असावी. लोखंडावर तेल लावल्यावाचून तो आवाज आत शिरतच नाही. आत चीर असली की तिथूनच परततो आणि यंत्राच्या पडद्यावर मधेच रेघ उठते. वटवाघळांना तसला आवाज ऐकू येतो म्हणतात, तेव्हा आवाजच म्हणावे.

परवा उसाच्या चरकाचा दांडा तपासायला आला. आमचे नाथाजी मिस्त्री तीस वर्षे हातोडी मारून कानाने पारख करतात. लय गोड वाजतोय रं, जाऊ दे, म्हणाले. यंत्राने चीर दाखवली. दांडा कापला, तर मधोमध बोटभर निघाली. नाथाजींनी हातोडी फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

खोली रिकामीच आहे. चारुलता म्हणते, अण्णा आले की संध्याकाळी गप्पांना माणूस मिळेल. तुमचे भाऊ जेवतानाही लोखंडच बोलतात, असेही तिने तुम्हाला कळवायला सांगितले आहे.

लोभ आहे तो प्रत्यक्ष येऊन वाढवावा.

आपला हरी

सातारा, १९ ऑक्टोबर

चि. हरीस आशीर्वाद.

यंत्र जिंकले, अभिनंदन. आता नाथाजींच्या घरी जाऊन ये. इतक्या खोलातली चीर कोणाच्याच कानाला कळली नसती, हे त्यांना समजावून सांग. आपला कान गेला असे धरून ते घरी बसले असतील. तसे वाटणे कसे असते ते मला ठाऊक आहे.

मागच्या आठवड्यात संस्कृतच्या तासाला रामशब्द म्हणताना मुलांनी मुद्दाम भलतेच काही म्हटले. मी मान डोलावीत राहिलो. वर्ग हसतो आहे हे मला दिसले, ऐकू आले नाही. डॉक्टर म्हणतात, डावा गेला, उजवाही फार दिवस टिकणार नाही. शाळेला अजून सांगितलेले नाही.

चारुलतेला गप्पांना माणूस हवा आहे. मी आलो तर दोन दिवसांत तुमच्या लक्षात येईल. मग तुम्ही ओरडून बोलाल, आणि पुढे हळूहळू बोलणेच सोडाल. इथे एकटे राहायची सवय झाली आहे, हरी. तुमच्या घरात एकटा पडेन, याची भीती वाटते.

अण्णा