तुझ्या नावावर खपवलेलं दुखणं

तीर्थरूप अक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार (सध्या कागदावरच, वाकलं की डावीकडचे टाके ओढतात). तुझे गुडघे कसे आहेत? भावजी अजून आधी स्वतः पेपर वाचून मगच तुला देतात का? इकडे सर्व ठीक, असं लिहिलेले तीन कागद फाडून झाले, तेव्हा खरंच सांगतो. सुट्टीत माझं जे 'गळू' कापलं, तो स्तनाचा कॅन्सर होता. हो, बायकांना होतो तोच. क्वचित पुरुषांनाही होतो म्हणे, आणि असल्या क्वचितमध्ये माझा नंबर हमखास लागतो. तीस वर्षं मैदानावर शिट्टी फुंकून पोरांवर "छाती पुढे!" म्हणून ओरडलेला पीटीचा मास्तर मी, हे कुणाला सांगू? बायकोलाही शपथ घातली.

पण डोक्यात प्रश्नांचा नुसता गोंधळ. गोळ्या किती वर्षं, हात वर का जात नाही, पुन्हा उलटेल का. डॉक्टरांपुढे तोंड उघडेना, म्हणून हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या माहिती केंद्रात गेलो. भिंतीवर बायकांचे फोटो, पुस्तिकांवर बायका, टेबलामागे बाई. तिने विचारलं, कुणासाठी हवंय? माझी पाचावर धारण बसली. म्हणालो, बहिणीसाठी. (बायकोचं नाव घेतलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी तिथे भांडायला हजर. तू पडलीस लांब. हे लिहितानाही लाज वाटते.)

झालं, दर शनिवारी तिथे जमणाऱ्या रुग्णांच्या गटात मी तुझा भाऊ म्हणून जाऊ लागलो. आठ बायका आणि मी. तुझी भूक, तुझी झोप, तुझे टाके, सगळं मी इत्थंभूत सांगायचो. एकीने विचारलं, रडतात का हो त्या? मी म्हटलं, रोज, न्हाणीघरात नळ सोडून. त्यांनी तुझ्यासाठी काखेत ठेवायची छोटी उशी शिवून दिली. मग गटप्रमुख, पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई, हाताचा व्यायाम शिकवू लागल्या. त्यांची पद्धत ढिली वाटली, म्हणून मी मास्तरकीच्या तोऱ्यात हात झटक्यात वर नेला आणि "आई गं!" म्हणून खालीच बसलो. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "सर, आम्हाला पहिल्याच शनिवारी कळलं होतं. तुम्ही डावा हात जपून बसता, तसंच आम्ही सगळ्या बसतो. म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील." अक्का, मला मान वर करवेना. इतक्या चांगल्या बायकांना मी महिनाभर थापा मारल्या.

भावजींना नमस्कार.

तुझा,
ढब्बू

ता. क. : उशी मीच वापरतोय.

ता. क. २ : पत्र खरं तर यासाठी आहे. पुरुषाला हा आजार झाला तर तो घराण्यातून आलेला असू शकतो, सख्ख्या बहिणीने लवकर तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी सांगून सात आठवडे झाले. तुला कळवायचं तर माझं सांगावं लागलं असतं, म्हणून गप्प बसलो. तुझं खोटं आजारपण आठ जणींना सांगत हिंडलो आणि तुझ्या जिवाची गोष्ट तेवढी तुझ्यापासून लपवली. काल गटात हे कबूल केलं, तेव्हा बाईंनी तुला पत्र लिहायला हा कोरा कागद पुढे सरकवला. शिव्या नंतर दे, उद्याच तपासून ये, भावजींना हे पत्र दाखव. आठही जणींचा तुला निरोप आहे: तुमच्याबद्दल फार ऐकलंय, पण देव करो आणि आपली भेट कधी न होवो.