चोक दोन बोटे बाहेर

९ फेब्रुवारी, सोमवार

आज गाडी पीयूसीत नापास झाली. ती मी नापास केली. हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून ही वही.

आमची मारुती शहाण्णव सालची. तिच्या नोंदणीची मुदत या महिनाअखेर संपते. पीयूसी मिळाले तर पासिंग होऊन आणखी पाच वर्षे, नाही तर भंगार. काचबिंदूने ह्यांची नजर गेली तेव्हाच ह्यांनी ठरवले — पासिंग झाले की गाडी ज्योत्स्नाला द्यायची. माझ्या धाकट्या जावेला! मला विचारले नाही. सांगितले.

आमच्या अल्लीपूरहून तिनेच चालवत आणली. हिंगणघाटला पंपावर टेस्ट. मशीनवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली. तो आणि ज्योत्स्ना पडद्याकडे बघत मागे उभे. गाडी सुरू. आत मी एकटी. स्टेअरिंगजवळ चोकची मूठ — थंडीत गाडी सुरू करताना ओढायची, मग आत ढकलायची. मी ती दोन बोटे बाहेर ओढली. हवा कमी, पेट्रोल जास्त, जळण अर्धवट, कार्बन मोनॉक्साइड. तीस वर्षे फळ्यावर हेच लिहिले. शेजारी ट्रक घुरघुरत होता, इंजिनाचा आवाज बदलल्याचे कोणाला कळले नाही. मर्यादा तीन टक्के. आले सहा! मूठ परत आत.

"ताई, हे कसं झालं वो?" — ज्योत्स्ना.

"जुनी गाडी. चालायचेच."

१० फेब्रुवारी

पश्चात्ताप? नाही. झोप चांगली लागली.

११ फेब्रुवारी

नव्याण्णव साली ज्योत्स्ना लग्न होऊन आली. माहेर समुद्रपूर, शिक्षण बारावी. ह्यांनी तिला कापूस बाजाराच्या मैदानात गाडी शिकवली. मी कुंपणाशी उभी. "भिऊ नको ज्योत्स्ना, मी आहे ना." हे शब्द सत्तावीस वर्षे कानात आहेत. मला असे कधी म्हटले? मला शिकवावे, हे ह्यांच्या मनातही आले नाही. वर्ध्याला बी.एस्सी.च्या वर्गात सायकलने येणारी मुलगी मी एकटी होते! आणि जन्मभर डावीकडची सीट, मांडीवर पिशवी.

आता ती सीटही नाही. दर महिन्याला ज्योत्स्ना ह्यांना डोळे दाखवायला सेवाग्रामला नेते. पुढे ते दोघे हसतात. मागे मी.

आज डबा घेऊन आली. "पाटोडीची भाजी हाय ताई, चाखून तं पाहा."

"ठेव तिथे," मी म्हटले. उघडलासुद्धा नाही. ह्यांनी दुपारी वासावरून शोधला आणि पुसून खाल्ला.

१३ फेब्रुवारी

तानबा मिस्त्री कालपासून अंगणात. गाडी घेतल्यापासून तिला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. कार्बोरेटर खोलून पेट्रोलमध्ये धुतला, प्लग घासले, एअर फिल्टर बदलला. हे खुर्ची टाकून नुसता आवाज ऐकत बसले.

"आता पास नाई झाली तं माहं नाव बदलजा, भाऊजी." — तानबा.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा ओढली. दोन बोटे. साडेपाच!

ज्योत्स्ना तानबावर कडाडली. पंपावरच्या सगळ्यांसमोर. "दोन दिवस काय करून राह्यले होते काका? पास होते म्हून काऊन सांगतलं? भाऊजी घरी वाट पाहून राह्यले!" मशीनवाला हसला — "काका, आता घरी बसा."

तानबा कापडाला हात पुसत राहिला. मग त्याने दार उघडून आत पाहिले. घाईत माझी मूठ पूर्ण आत गेली नव्हती. त्याने अंगठ्याने ती ढकलली. माझ्याकडे पाहिले. मग बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाला, "माहंच चुकलं असन. वय झालं."

१७ फेब्रुवारी

तानबाचे गॅरेज आज बंद.

१८ फेब्रुवारी

आजही बंद.

ज्योत्स्नाकडे गेले. उभ्याउभ्याच सांगितले — चोक मी ओढला, दोन्ही वेळा.

पाखडता पाखडता तिच्या हातातले सूप तसेच राहिले. "काऊन, ताई?"

शाळेत मी हा प्रश्न हजारदा विचारला असेल.

ती ओरडली असती तर बरे झाले असते. तिने सूप खाली ठेवले, पदराला हात पुसले. "आधी तानबाकाकाले सांगू. मले बी माफी मागा लागते. चला."

तो घरासमोर बसला होता, शेजारी चार माणसे. त्या चौघांसमोर बोलले. तानबा उठून उभा राहिला, मलाच संकोच वाटावा असा. "मले मालूम होतं बाई. पण माह्या दोन्ही पोरी तुमच्या हाताखाली शिकल्या. तुमचं नाव कसं घेऊ?"

२० फेब्रुवारी

पास. एक पूर्णांक सहा दशांश. माझे दोन्ही हात पिशवीखाली होते.

आनंद झाला नाही. "भाऊजी, झाली पास!" तिने तिथूनच ह्यांना फोन केला. दोघे किती वेळ हसत होते! जळते अजून. खोटे कशाला लिहू?

२५ फेब्रुवारी

पासिंगही झाले. शनिवारी गाडी द्यायची. ह्यांना मी काही सांगितलेले नाही. गॅरेज उघडले म्हणतात.

२७ फेब्रुवारी

देण्याआधी गाडीतला खण रिकामा केला. जुन्या विम्याच्या कागदांखाली एक फॉर्म. लर्निंग लायसन्सचा. अक्षर ह्यांचे. नाव — सौ. सुमित्रा पुंडलिकराव. माझा वेणीतला फोटो चिकटवलेला. तारीख अठ्ठ्याण्णवची — ज्योत्स्ना घरात यायच्या वर्षभर आधीची! सगळे रकाने भरलेले. सहीची जागा कोरी.

आठवले. मी पेपर तपासत होते. हे समोर येऊन उभे राहिले. मान वर न करता मी म्हटले, "ठेवा तिथे. मग पाहते."

२८ फेब्रुवारी, शनिवार

दिले ते असे.

ज्योत्स्नाच्या हाती: चाव्या दोन, आरसी, विमा, पीयूसी.

ह्यांच्या हाती: एक कागद, सही आजची. बोटांनी चाचपत गेले, फोटोच्या कडेशी थांबले.

"पाहिला का आता?" म्हणाले.